गाठ लागली, पुढे काय?

लालबागच्या एका चाळीत महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला वाटलेलं, स्तनाच्या कर्करोगाबद्दलचं पत्रक माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आलं, तेही छापून झाल्यावर! गुळगुळीत कागद, सुरेख रंग. माणूसभर उंचीच्या आरशासमोर कमरेपर्यंत उघडी उभी असलेली गोरीपान बाई. ज्या घरांत ते वाटलं तिथे मोरीला पडदा आणि आरसा कपाटाच्या दाराला. समोर सासरे पेपर वाचत बसलेले. पत्रक बायकांनी घडी घालून वाणाच्या पिशवीत तळाशी ढकललं. "ताई, घरात पोरं आहेत, हे ठेवू कुठे?" एकीने विचारलं.

चित्र एक वेळ चालवून घेतलं असतं. पण लक्षणांच्या यादीत पहिला शब्द होता 'वेदना'. खानावळ चालवणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंनी ते वाचून मला हळूच सांगितलं, "मला गाठ आहे, पण दुखत नाही. म्हणजे ती यातली नव्हे." वर्षभर त्या तशाच डबे भरत होत्या. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे पहिल्या ओळीत ठळक हवं. त्यांना तपासणीला पाठवलं, उपचार सुरू झाले. पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

असं काम हाती घेणाऱ्यांनी शांघायचा अभ्यास माहीत करून घ्यावा. तिथल्या कापडगिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार स्त्रियांवर तो झाला. निम्म्या जणींना स्वतःच्या छातीची तपासणी नीट शिकवली, पुन्हा पुन्हा करून घेतली. 2002 साली निष्कर्ष आले: या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. तेव्हा 'दरमहा तपासा, जीव वाचवा' असं छापणं म्हणजे खोटा दिलासा. उलट परळच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्यांचा आजार लवकरच्या टप्प्यावर सापडत असल्याचं दिसलं, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. म्हणजे शिकलेला हात लागतो.

मग पत्रकात काय द्यावं? आपली छाती एरवी कशी असते ते ओळखीचं असावं, एवढंच. अंघोळ करताना साबणाच्या हाताने कळतं, आरसा नको. पाळी येऊन आठवडा झाल्यावर बघावं, पाळी गेली असेल तर एक तारीख धरावी (संकष्टी पटकन लक्षात राहते, पण सगळ्या घरांत ती नसते). नवी गाठ, काखेतली गाठ, आत ओढलेलं बोंड, रक्ताचा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, एवढी लक्षणं पुरेत. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही लिहा, नाहीतर भीतीनेच बाई जात नाही.

अर्धी जागा मात्र पुढच्या वाटेला ठेवा: रुग्णालयाच्या कुठल्या इमारतीत, कुठल्या वारी, केसपेपर कुठे काढायचा, बाई डॉक्टर मिळेल का, सोबत कोणाला न्यावं. आमच्याकडे आलेल्या त्या सुरेख पत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं. घडी घातल्यावर वरून काही कळणार नाही असा आकार ठेवा, आणि छापखान्यात देण्याआधी त्याच चाळीतल्या चारजणींकडून वाचून घ्या.

आणि हे वाचणाऱ्या कोणाला आत्ताच गाठ लागत असेल, तर ती दुखो न दुखो, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून या.