वस्तीवरची दोन कुत्री एकमेकांवर उठतात तेव्हा



मावळात घर तेथे गोठा आणि गोठा तेथे कुत्रा हे ठरलेलेच असते. खाचरातील भाताची रानडुकरांपासून राखण, शेळ्या-कोंबड्यांची बिबट्यापासून राखण, रात्री-अपरात्री वस्तीवर येणाऱ्याची चाहूल, ही सर्व कामे कुत्रा बिनपगारी करतो. लोणावळा-खंडाळा भागात बंगल्यांची देखभाल करणाऱ्या कुटुंबांकडेही दोन-तीन कुत्री असतात. एक कुत्रा म्हातारा झाला की दुसरे पिल्लू आणले जाते. काही दिवस दोघे एका पोत्यावर झोपतात आणि एके दिवशी अचानक एकमेकांच्या नरड्याला लागतात. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, याची माहिती या लेखात देत आहे.

मी पिके शिकवणारा माणूस आहे, पशुवैद्यक नाही. तरीही हा विषय घेतला, कारण तो आमच्याच घरात घडला. तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात लावणीची घाई होती. घरची सर्व माणसे आवण काढायला गेली होती. सात दिवस पाऊस थांबला नव्हता. आमचा म्हातारा मोत्या आणि दीड वर्षाचा टॉमी दोघेही पडवीत अडकून पडले होते. आईने उरलेला भात-भाकरीचा काला नेहमीप्रमाणे एकाच घमेल्यात ओतला. मोत्या गुरगुरला, टॉमीने त्याची मान धरली. धाकट्या भावाने मोत्याला सोडवण्यासाठी मध्ये हात घातला. मोत्याच्या मानेला तीन दात लागले आणि भावाच्या पंजाला दोन. ऐन लावणीत भावाचा उजवा हात पंधरा दिवस कामातून गेला. चूक कुत्र्यांची कमी, आमची जास्त होती.

भांडणाची कारणे

१) अन्न : एकच भांडे, हाड किंवा मटणाचे उरलेले तुकडे हे सर्वांत मोठे कारण आहे.

२) जागेची अडचण : लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात कुत्री एका छपराखाली कोंडली जातात. दूर जायला वाट नसली की कुरबुरीचे भांडण होते. दार, पायरी, चूल आणि गव्हाणीजवळची उबदार जागा ही भांडणाची ठिकाणे होत.

३) वय : पिल्लू दीड ते दोन वर्षांचे झाले की मोठ्या कुत्र्याचे ऐकेनासे होते. त्याच सुमारास म्हातारा कुत्रा थकतो, त्याची नजर कमी होते, सांधे दुखतात. दुखऱ्या अंगाला धक्का लागला तरी तो चावतो.

४) माज : वस्तीवर किंवा शेजारी कुत्री माजावर आली की नर एकमेकांवर उठतात. एका घरातील दोन माद्यांची भांडणेही फार जबर होतात, हे ध्यानात ठेवावे.

५) भलत्याचा राग : कुंपणाबाहेरचा माणूस किंवा जनावर हाती लागत नाही, तेव्हा चवताळलेला कुत्रा शेजारच्या सोबत्यालाच चावतो.

६) आजार : शांत कुत्रा काही कारण नसता चावू लागला, तर प्रथम आजाराचा संशय घ्यावा.

आधी दिसणारी लक्षणे

भातातील तण लहान असताना काढणे सोपे जाते, तसेच भांडणाचे आहे. अंग ताठ होणे, एकटक रोखून पाहणे, मानेवरचे केस उभे राहणे, ओठ वर करून दात दाखवणे, दुसऱ्याची वाट अडवून उभे राहणे, ही लक्षणे दिसताच एकाला नावाने हाक मारून बाहेर न्यावे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

भांडण जुंपल्यावर

मध्ये हात किंवा पाय घालू नये, गळपट्टा धरू नये. त्या क्षणी कुत्रा मालक ओळखत नाही. प्रथम मुलांना घरात न्यावे. नंतर पुढील उपाय क्रमाने करावेत.

• दोघांच्या तोंडावर बादलीभर पाणी जोरात मारावे.
• पत्रा किंवा थाळी वाजवून मोठा आवाज करावा.
• फळी, जुने दार, पत्रा किंवा इरले दोघांच्या मध्ये सरकवावे. घोंगडी किंवा ओले गोणपाट दोघांच्या डोक्यावर टाकल्यानेही पकड सुटते.
• काहीच उपाय चालला नाही आणि दोन धडधाकट माणसे हजर असली, तरच प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय एकाच वेळी उचलून त्याला मागे ओढावे. एकट्याने हे करू नये. पकड घट्ट असताना ओढल्यास कातडी फाटते, म्हणून पकड सैल होताच ओढावे. वळून चावण्याचा धोका यातही असतो.

काठीने मारल्यास चावा अधिक घट्ट होतो. सुटका होताच दोघांना दोन वेगळ्या खोल्यांत बंद करावे. "आता शांत झाले" म्हणून त्याच दिवशी एकत्र सोडू नये.

कुत्र्याच्या जखमेची काळजी

सुळ्याची जखम वरून तांदळाएवढी दिसते, पण आत खोल असते आणि दोन-तीन दिवसांत पू धरते. जखमी कुत्र्याच्या तोंडाला आधी मऊ पट्टी बांधावी. धाप लागली असल्यास मात्र बांधू नये. हातात रबरी मोजे घालावेत. जखमेभोवतीचे केस कापून जखम मिठाच्या पाण्याने धुवावी. त्यासाठी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा मीठ घ्यावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने सलग दाबून धरावे. हळद-चटणी, चुना, रॉकेल किंवा फिनेल लावू नये. माणसाच्या दुखण्यावरील आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या देऊ नयेत. त्या कुत्र्याला घातक ठरतात. २४ तासांच्या आत पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. मान, छाती किंवा पोटाला चावा असल्यास, धाप लागल्यास किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्यास तासभरही थांबू नये. पावसाळ्यात उघड्या जखमेत किडे लवकर पडतात, म्हणून जखम रोज पाहावी.

माणसाला चावा लागल्यास

हा या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जखम लगेच वाहते पाणी व साबण यांनी पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घरचा कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे, म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस बहुधा ०, ३, ७ व २८ या दिवशी कातडीत देतात. चावा घेतला तो दिवस नव्हे, तर पहिली लस घेतली तो दिवस शून्य धरतात. कातडी फाटून रक्त आले असल्यास जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

पुष्कळ वडीलधारी माणसे अजूनही पोटातील १४ इंजेक्शनांना भितात आणि मंत्र-पाल्याकडे वळतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात डिसेंबर २००४ पासून बंद झाली आहे. आताची लस दंडात देतात व ती फारशी दुखत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र वेळेवर घेतली तर हा रोग टळतो. चावणाऱ्या कुत्र्याला मारून टाकू नये किंवा हाकलू नये. त्याला बांधून १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे, पण तेवढ्यासाठी लस लांबवू नये.

कुत्र्याचा आवाज बदलणे, लाळ गळणे, गिळता न येणे, अंधारात लपणे, दिसेल त्याला चावणे, ही लक्षणे असल्यास त्याला हात लावू नये. शक्य झाल्यास बाहेरून कडी लावावी व पशुवैद्यकांना बोलवावे. त्याने गाय, म्हैस, शेळी किंवा दुसऱ्या कुत्र्याला चावले असल्यास तेही त्यांना सांगावे. चावलेल्या जनावरांनाही लस द्यावी लागते.

पुन्हा एकत्र आणताना

जखमा भरेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे. नंतर दोन माणसांनी दोन साखळ्या धरून दोघांना बांधावरून एकाच दिशेने, २० ते २५ फूट अंतर ठेवून फिरवावे. दोघे एकमेकांकडे न ताठरता चालू लागले की रोज थोडे अंतर कमी करावे. या कामाला काही आठवडे लागतात. ताठरपणा दिसला की पुन्हा मागच्या अंतरावर यावे. धाप टाकता येईल व पाणी पिता येईल असे सैल जाळीचे मुसके वापरल्यास धोका कमी होतो. एक बांधलेला व दुसरा मोकळा, असे कधीही ठेवू नये. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही.

नरांची नसबंदी केल्यास मादीवरून होणारी भांडणे कमी होतात. तिचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. अन्नावरून किंवा दुखण्यामुळे होणारी भांडणे मात्र नसबंदीने थांबत नाहीत.

एवढे करूनही दर भांडणात रक्त निघत असेल, तर दोघांना कायमचे वेगळे ठेवावे किंवा एकाला ज्या वस्तीवर दुसरा कुत्रा नाही अशा ठिकाणी द्यावे. देताना त्याची खोड लपवू नये. रात्री गाडीत घालून घाटात सोडून येणे हा उपाय नव्हे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार पाळीव जनावर असे सोडून देणे गुन्हा आहे, आणि तो कुत्रा उपाशी मरतो किंवा दुसऱ्याच्या शेळ्या धरतो.

हे विसरू नका

• प्रत्येक कुत्र्याला वेगळे भांडे, वेगळी जागा. खाणे संपताच भांडी उचलावीत.
• पावसाळ्यापूर्वी दोघांच्या निवाऱ्याची सोय दोन टोकांना करावी.
• तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस, नंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी. नोंद वहीत ठेवावी. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाला अनेक ठिकाणी लसीकरण शिबिरे होतात, त्यांचा लाभ घ्यावा.
• पडवीत एक फळी आणि भरलेली बादली नेहमी ठेवावी.

आमच्या घरी आता मोत्याचे घमेले ओटीवर आणि टॉमीचे गोठ्यामागे असते. दोघे पुन्हा एका पोत्यावर झोपले नाहीत, झोपतील असेही वाटत नाही. पण गेल्या तीन लावण्यांत रक्त निघालेले नाही. भावाचा हात बरा आहे. मूठ घट्ट मिटताना एक बोट तेवढे वाकत नाही.