संकरित बुलबुल कसा ओळखावा?

प्रश्न : सौंसर परिसरातील संत्र्याच्या बागेत गालावर पांढरा डाग असलेला, पण अंगाने लालबुड्यासारखा बुलबुल दिसला. तो संकरित असेल का? – एक वाचक

उत्तर : लालबुड्या आणि शिपाई या दोन बुलबुलांचा संकर ज्ञात आहे, मात्र तो दुर्मीळ असल्याने आधी इतर शक्यता तपासाव्या लागतात. लालबुड्याचे डोके काळे, अंग खवल्यांसारख्या नक्षीचे तपकिरी आणि कंबर पांढरी असते. शिपायाचा तुरा उभा व टोकदार, गाल पांढरा, डोळ्यामागे लाल ठिपका आणि पोट पांढुरके असते. शिपायाच्या पिल्लाला लाल ठिपका नसतो. रंगद्रव्याच्या अभावाने आलेली पांढरी पिसे बहुधा दोन्ही बाजूंना सारखी नसतात. संकरित पक्ष्यात मात्र दोन्ही जातींची लक्षणे मिसळलेली आणि सहसा दोन्ही बाजूंना सारखी दिसतात.

नोंदीसाठी समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीवरून आणि शेपटीखालून छायाचित्रे घ्यावीत. आवाज ध्वनिमुद्रित करावा. तारीख, वेळ, ठिकाण आणि सोबतचे पक्षी लिहावेत. छायाचित्रे संपादित न करता ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर द्यावीत. निव्वळ छायाचित्रावरून ‘संभाव्य संकर’ एवढेच म्हणता येते. खात्री जनुकीय तपासणीनेच होते. त्यासाठी पक्षी पकडू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार परवानगीविना पकडणे गुन्हा आहे.