बेल्टेन : दोन अग्नींमधून जाणारी वाट

होळीच्या पाठाला जोडून परदेशातील एका अग्न्युत्सवाची ओळख मुलांना करून द्यावी. आयर्लंड, स्कॉटलंड व आईल ऑफ मॅन येथील ‘बेल्टेन’ हा तो उत्सव होय. ३० एप्रिलच्या संध्याकाळी व १ मे रोजी तो साजरा होतो. तेथे हा उन्हाळ्याचा आरंभ मानीत.

हिवाळाभर गावाजवळ राखलेली गुरे या सुमारास डोंगरावरील कुरणांत न्यावयाची असत. त्यापूर्वी दोन अग्नी पेटवून त्यांच्यामधून ती हाकीत. त्यायोगे वर्षभर रोगराई बाधत नाही, अशी समजूत होती. सुमारे इ. स. ९०० मधील ‘सानस कोर्माक’ या आयरिश शब्दकोशात या चालीचा उल्लेख आहे. घरोघरच्या चुली विझवून त्या याच विस्तवाने पुन्हा पेटवण्याचीही रीत होती. म्हैसूरकडे संक्रांतीस गुरांना आगीवरून उडी घ्यावयास लावतात, हे येथे सांगितल्यास मुलांस विषय दूरचा वाटणार नाही.

पुढे ही चाल बहुतेक ठिकाणी मागे पडली. एडिंबरो येथे १९८८ साली कॅल्टन टेकडीवर तिचे नव्या रूपात पुनरुज्जीवन झाले. स्वतःस ‘पेगन’ म्हणवणारी काही कुटुंबे आपल्या परसबागेतच लहानसा जाळ करून हा दिवस पाळतात. ‘पेगन’ हा शब्द लॅटिन ‘पागानुस’, म्हणजे खेडवळ, यावरून आला. ख्रिस्ती लोक तो इतर धर्मीयांस लावीत. वर्गात त्याचे भाषांतर ‘रानटी’ असे कदापि करू नये.

मात्र आदर राखणे म्हणजे समजूत खरी मानणे नव्हे. लाळ्या-खुरकूत धुराने टळत नाही, लसीने टळतो. हे गुरे राखणाऱ्या घरांतील मुलांना स्पष्ट सांगावे. त्यांच्या घरी त्याचे मोल पुस्तकाहून अधिक आहे.

परसातील जाळाविषयी तिकडे एक सूचना आवर्जून देतात. रचून ठेवलेल्या लाकडांत साळूसारखा काटेरी, पण लहान असा ‘हेजहॉग’ प्राणी दडून बसतो. म्हणून ढीग पेटवण्याच्या दिवशीच रचावा, अथवा हलवून पाहावा. आपल्याकडे त्या जागी सरडे, बेडूक, क्वचित सापही असतो. रॉकेल वा पेट्रोल ओतू नये. वर विजेची तार आहे काय ते पाहावे. पाण्याच्या बादल्या अगोदर भरून ठेवाव्यात. हिरवे झाड तोडणे व कोणाचे कुंपण उपटणे हा खेळ नव्हे, हेही त्याच ओघात बोलावे.

शाळेत विस्तव करू नये. अंगणात खडूने दोन वर्तुळे काढून मुलांची ‘गुरे’ त्यांमधून न्यावीत. लहान वर्गांस तेवढे पुरे. वरच्या वर्गांनी घरातील वडीलधाऱ्यांस आपल्या गावच्या होळीविषयी विचारून टिपणे करावीत : लाकूड कोठून येई, पहिला अग्नी कोण देई, विस्तव घरी कोण नेई. होळीजवळ कोणास येऊ देत नसत काय, हाही प्रश्न वहीत असावा, आणि आलेले उत्तर शिक्षकांनी खोडू नये.