भंडारा हवा, पण जेवणाचा नको

शोधखिडकीत नुसतं ‘भंडारा तलाव’ लिहून बघा. देवळातला महाप्रसाद, जेजुरीची हळद आणि आपला जिल्हा एकाच पंगतीत येऊन बसतात. मला हवे होते मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव: कोहळी समाजाने बांधलेले, ज्यांच्या भरवशावर साकोली-लाखनीकडचं धान उभं राहतं. ते हाती लागले ती ही कृती.

आधी कागदावर तीन रकाने पाडा: हवंच, असलं तर बरं, नकोच. पहिला आणि तिसरा रकाना म्हणजे बुलियन अट. पान आत किंवा बाहेर, अधलंमधलं काही नाही. दुसरा रकाना कुणाला हाकलत नाही. आत आलेल्यांत पुढे कोण बसणार एवढंच ठरवतो.

‘हवंच’मध्ये एकच शब्द ठेवा, फार तर दोन, आणि तोही दुर्मिळ. ‘तलाव’ लाखो पानांत असतो, त्याचं वजन हलकं. ‘मालगुजारी’ थोड्या पानांत, म्हणून भारी. हा हिशेब करेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९७२ साली मांडला, आणि क्रमवारीत तो आजही वापरात आहे. गूगलवर शब्द सक्तीचा करायला अवतरणचिन्हं घाला.

पण मराठीत सक्ती जपून करावी. अवतरणातल्या ‘भंडारा’ला ‘भंडाऱ्यातील’ सापडेलच असं नाही. म्हणून पर्याय द्या: मालगुजारी किंवा मामा तलाव, धरणासाठी गोसेखुर्द किंवा गोसीखुर्द. मधला ‘किंवा’ म्हणजे ओआर, इंग्रजी मोठ्या अक्षरांतच लिहायचा. बोडी, कोहळी, सांडवा हे शब्द दुसऱ्या रकान्यात मोकळे सोडा.

वजाबाकी सगळ्यात शेवटी. शब्दाला चिकटून उणे चिन्ह, मध्ये जागा नको. ‘जेजुरी’ बिनधास्त वगळा. मी उत्साहात ‘महाप्रसाद’ही वगळला, तर एका तलावाची चांगली माहिती गेली, पाळीवरच्या देवळातल्या महाप्रसादाचा उल्लेख त्यात एकदाच होता. नकाराला वजन कळत नाही.

स्वतःच्या फायलींचा संग्रह इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीत घातला असेल, तर हेच रकाने तिथे मस्ट, शुड आणि मस्ट नॉट या नावांनी भेटतात. वर्ष, तालुका यांसाठी चौथा, फिल्टर. तो गाळतो, गुण देत नाही. नुसतेच शुड दिले तर त्यातला एक तरी जुळावा लागतो, मस्ट किंवा फिल्टर सोबत असेल तर नाही. तिथली नेहमीची गुणपद्धत बीएम२५. शब्द दहादा आला म्हणून दहापट गुण मिळत नाहीत, आणि तो दोनदाच आलेलं छोटं टिपण जाडजूड अहवालाच्या पुढे जाऊ शकतं.

आता पहिली दहा उत्तरं उघडून वाचा. ओळखीचं पान दिसत नसेल, तर ‘हवंच’मधला एक शब्द दुसऱ्या रकान्यात सरकवा. मला नवेगाव बांध सापडेना. कोहळ्यांचा तलाव, १९०८च्या गॅझेटियरात भंडाऱ्यातच. पण १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला आणि नव्या पानांवर तो गोंदियाचा. ‘भंडारा’वरची सक्ती काढली, तेव्हा तो वर आला.