बाळ रडतं, आईला ऐकू येत नाही

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. ते रडलं तरी आईला आतून काही वाटत नाही. यावर उपचार असतो का?

उत्तर : असतो, आणि तो आई-बाळाला एकत्र बसवूनही होतो.

अमेरिकेत मिशिगनमध्ये काम करणाऱ्या सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये अशाच एका आईची हकिगत लिहिली. लेक साडेपाच महिन्यांची. ती किंचाळून रडे, आई शून्यात बघत बसे. थेरपिस्टने उपदेश केला नाही. बाळासमोरच आईचं स्वतःचं होरपळलेलं बालपण ऐकून घेतलं. आई धाय मोकलून रडली. मग हळूहळू लेकीला छातीशी घट्ट धरू लागली. अशा आईला दूषणं देणं हा निव्वळ अन्याय आहे.

बाळंतपणानंतरचं नैराश्य आधी तपासून घ्यावं. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई-बाळाला एकत्र दाखल करून घेणारा कक्ष आहे. पहिला फोन मात्र घरूनच करता येतो : टेलि-मानस ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.