गोळ्यांचा हिशेब रक्तात नाही, लघवीत

१. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पॅराथायरॉइड ग्रंथी कायमच्या बंद पडल्या. ओठांभोवती मुंग्या, आखडणारी बोटं हे सगळं कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) यांनी थांबलं. या गोळ्यांवाचून माझं चालत नाही, म्हणूनच त्यांचे धोके मला पक्के ठाऊक असायला हवेत.

२. रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल आणायचा हट्ट धरू नका. घरचे काळजीने म्हणतात, "कमीच आहे गं, एक गोळी वाढव ना!" पण लघवीत चाललेलं कॅल्शियम परत ओढून घ्यायला किडनीला पॅराथायरॉइडचं संप्रेरक लागतं. तेच नसल्यावर रक्तातला आकडा छान दिसत असतानाही कॅल्शियम लघवीवाटे वाहत राहतं. त्यातून मुतखडे होतात, किडनीत क्षार साचतात, हळूहळू तिचं काम मंदावतं; आणि यातलं बरंचसं दुखल्याखुपल्याशिवाय होतं. म्हणून जाणकार डॉक्टर आकडा नॉर्मलच्या खालच्या काठावर, ८ ते ८.५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या आसपास ठेवतात. त्रास होत नसेल तर तो 'कमी' आकडाच आपल्यासाठी बरा.

३. चोवीस तासांची लघवी साठवून तपासणं किचकट आहे. तरी करा. पहिल्या सकाळची पहिली लघवी सोडायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरायची. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम. फॉस्फरसही चढा राहिला तर कॅल्शियमशी मिळून तो नको तिथे साचतो.

४. ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी कुणीही सहज सुचवतं. आपण ती मनाने घ्यायची नाही. कॅल्सिट्रिऑल बंद केलं की त्याचा असर काही दिवसांत ओसरतो. ड जीवनसत्त्व मात्र चरबीत साठतं, आणि अति झालं तर कॅल्शियम कित्येक आठवडे चढं राहू शकतं.

५. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही कॅल्शियम चढल्याची लक्षणं. उलट्या-जुलाबांत ते चढूही शकतं, उतरूही शकतं. अंदाजाने गोळ्या कमी-जास्त न करता त्याच दिवशी रक्त तपासावं.

६. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबतच.

७. थायरॉइड काढलेल्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमचा डोस लिहितात. लघवीची तपासणी कधी करायची, तेही त्याच कार्डावर लिहून मागा.