साकव : लाकडी पुलाचे शास्त्र

रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक वाड्या वहाळांनी व पऱ्यांनी एकमेकींपासून तोडलेल्या आहेत. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात वाडीचा शाळेशी, बाजाराशी आणि दवाखान्याशी असलेला संबंध पावसाळ्यात साकवावरच अवलंबून असतो. पूर्वी पोफळीचे सोट किंवा ऐन-किंजळाचे वासे टाकून गावकरी श्रमदानाने साकव उभारीत. आता नवे साकव प्रायः काँक्रीटचे होतात. तथापि जेथे लाकडी साकव वापरात आहे, तेथे त्याचे शास्त्र जाणून घेणे अगत्याचे आहे.

भार आणि गाळा

लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट, तर आडव्या दिशेने दुबळे असते. तुळईची उंची दुप्पट केल्यास तिची ताकद चौपट होते. याउलट गाळा दुप्पट केल्यास त्याच भाराने तुळई मध्यभागी आठपट वाकते. म्हणून रुंद वहाळावर केवळ लांब सोट टाकणे धोक्याचे होय. मधला खांब पुरात वाहून येणारे ओंडके अडवतो. अशा ठिकाणी कैचीची रचना अधिक योग्य ठरते.

खरा शत्रू ओलावा

लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून कमी राहिल्यास कुजविणारी बुरशी वाढत नाही. म्हणूनच तुळईची टोके मातीत न पुरता दगडी बैठकीवर ठेवावीत आणि फळ्यांमध्ये फट राखावी. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे संरक्षक मिश्रण शोधून काढले. ते पुढे जगभर वापरले गेले. मात्र त्यात आर्सेनिक असल्याने असे जुने लाकूड चुलीत कदापि जाळू नये.

सांध्यांचा धडा

पातळ फळ्या सरसाने जोडून केलेल्या तुळयांवर आज परदेशात मोटारींचे पूलही उभे आहेत. परंतु नॉर्वेतील ट्रेटेन येथे २०१२ मध्ये खुला झालेला असा पूल १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोसळला. चौकशीत दोष सांध्यांशी निगडित असल्याचे दिसून आले. बळकट लाकूडही सांध्यापाशी दगा देऊ शकते.

ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक लाकडी साकवाची पाहणी करावी. टोके व सांधे लोखंडी टोच्याने तपासावेत. टोच्या सहज रुतल्यास वाहतूक तत्काळ बंद करून अभियंत्यांना कळवावे. कठडा भक्कम असावा. साकवावरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांची सुरक्षितता या तपासणीवर अवलंबून आहे.